आक्का, गाडी परत पाठवली

गाडी मी परत पाठवली, आक्का. तुझ्या मनासारखं झालं.

तुझ्या मनात काय होतं हे तुझ्या मुलाला माहीत होतं, सुनेला माहीत होतं, डोंगरावरच्या वाडीतून रानभाजी घेऊन येणाऱ्या चांगुणाबाईलाही माहीत होतं. मलाच तेवढं माहीत नव्हतं. तुझं तेरावं परवा झालं. पाहुणे गेले, भाड्याची भांडी घासून परत केली, मांडववाला ताडपत्री सोडून घेऊन गेला. आता मी शेलूला माझ्या घरी आहे आणि हातात काम उरलेलं नाही. काम नसलं की मी भांडते, हे तुझंच म्हणणं. तर भांडायला बसले आहे.

तेराव्याला लोक तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. शेती कशी राखलीस, जावांना कसं धरून ठेवलंस, भावजी गेल्यावर महेशला कसं शिकवलंस. ते सगळं खरं आहे आणि ते मी इथे पुन्हा लिहिणार नाही. मला तुझ्याशी एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. मेल्यावर मेंदू संशोधनाला द्यायचा असं तू म्हणालीस, चार बायकांसमोर म्हणालीस, आणि मग दिला नाहीस. त्याचा राग नाही. माणसाचं मन बदलतं. बदललेलं मन तू माझ्यापासून लपवून ठेवलंस, त्याचा राग आहे.

आईपासून सुरुवात करते, कारण जे ठरवलं ते आपण तिच्यामुळे ठरवलं. आईचं विसरणं माझ्याकडे, शेलूच्या फ्लॅटमध्ये वाढत गेलं. आमची बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे पूर्वी भातशेती होती. आपली नाही, पण आपल्या बांधाला लागून. तिसऱ्या मजल्यावर राहूनही ते शेत आईला आठवायचं. आपण दोघी आठवायचो नाही. एकदा तू आलेली असताना मी बाजारातून कोथिंबिरीची मोठी जुडी आणली. आईनं ती ओट्यावरून उचलली, हॉलमध्ये तांब्याभर पाणी ओतलं आणि कमरेत वाकून एकेक काडी लादीवर दाबत मागे मागे सरकायला लागली. भाताची आवणी करतात तशी, अगदी ओळीत. मी फडकं घेऊन धावले. म्हटलं, "आई, हे शेत नाही, घर आहे. मी वंदना. ही कुसुम, तुझी मोठी मुलगी." आई घाबरून थरथरायला लागली. तू पदर खोचलास, तिच्या शेजारी वाकलीस आणि म्हणालीस, "आये, दाट व्हतंय जरा. पातळ लाव."

"मंग तू लाव की गं, सटवे," आई खूश होऊन म्हणाली.

दोघी मागे सरकत सरकत टीव्हीपर्यंत गेलात. मी फडकं हातात घेऊन उभी राहिले.

त्या दिवशी आपलं जे भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणाले, आजारी माणसाशी खोटं बोलू नये. तू म्हणालीस, "खरं सांगून तिला काय मिळालं? कापरं भरलं. तुझं खरं तुझ्यापाशी ठेव."

"आणि तुझं खोटं?"

"माझं खोटं तिला ग्वाड लागतं."

हे भांडण बाजूला ठेवते. त्याच्याकडे मला परत यायचं आहे.

आई गेल्यानंतर तिची उरलेली औषधं परत द्यायला आपण पनवेलला तिच्या डॉक्टरबाईंकडे गेलो होतो. बाई सहज म्हणाल्या, आईंचा मेंदू संशोधनाला देण्याचा विचार केला होता का? आपण एकमेकींकडे बघितलं. नेत्रदान ऐकलं होतं, देहदान ऐकलं होतं. हे नव्हतं ऐकलं. त्या म्हणाल्या, हा आजार आत नेमकं काय करतो हे शेवटी मेंदू पाहूनच खात्रीनं कळतं, आणि पाहायला मेंदू मिळत नाहीत. लोक डोळे देतात, डोकं म्हटलं की मागे सरतात.

"आईचं तर राहिलं," तू म्हणालीस. "माझं घ्या."

"तुमची घाई नाही, आजी."

"घाई मला बी नाय. पन नाव लिवून ठेवा. हिच्यासमोर लिवा. ही लय चोख हाय, विसरायची नाय."

मी पर्समधून कागद काढला आणि विचारायचं ते सगळं विचारून घेतलं. चेहरा बिघडतो का? नाही, टाके मागच्या बाजूला, केसांत झाकले जातात. वेळ किती? जितक्या लवकर तितकं चांगलं, काही तासांत. मग आपल्याला देह परत मिळतो का? मिळतो, अंत्यविधी नेहमीसारखा करता येतो. आधी होकार दिलेला असला तरी गेल्यावर घरच्यांची सही लागते. तपासणीत काय निघालं ते घरच्यांनी मागितलं तरच कळवतात. आणि धडधाकट माणसाचा मेंदूही हवा असतो, तुलनेसाठी. हे ऐकून तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "म्हंजे हिचा बी चालंल." मग मीही सही केली.

शेवटी मी विचारलं, आईचं आमच्यात येईल का? बाई म्हणाल्या, म्हातारपणी होणारा हा आजार आईकडून मुलींकडे सरसकट जातो असं नाही, घरात असला तर शक्यता थोडी वाढते एवढंच. त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी घरी घेऊन आले. दुसरा अर्धा तू घेऊन गेलीस, हे मला आत्ता कळतं आहे.

पुढे तुझा उत्साह माझ्याहून जास्त. तुमच्या बचत गटाच्या बैठकीत तूच हा विषय काढलास. मी माहिती सांगायला आले होते आणि दहा मिनिटांत मला कुणी विचारीनासं झालं. एकीनं विचारलं, "पुढल्या जन्माला बिनमेंदूची आले तर?"

"ह्या जन्मात कुठं वापरलास तो?" तू म्हणालीस, आणि समाजमंदिर हसलं.

दुसरी म्हणाली, "माझा पोरगा जित्तेपनी औषधाच्या चिठ्ठीकडं बघत नाय, मेल्यावर सही करंल व्हय?" तिसरीचं वेगळंच. तिची लेक दूर गुजरातेत दिलेली. ती तोंड बघायला येईपर्यंत कुणी हात लावता कामा नये. या बाईची तू थट्टा केली नाहीस. तिच्याजवळ जाऊन बसलीस आणि सांगितलंस, "नेतात आनि परत आनतात गं. तोंड हाय तसं असतं. लेकीला कळनार बी नाय." चांगुणाबाई दारात टोपली घेऊन बसली होती. ती तुमच्या गटात नव्हती. तिथूनच म्हणाली, "आमच्याकडनं समद्यांनी काय ना काय नेलंच हाय. हे निदान इचारून नेतात. माझं लिवा." पहिलं नाव तिनं दिलं. तुझ्या बोलण्यावर दिलं.

मी तयारीला लागले. लॉनवर लोकांची लग्नं लावून देण्यात माझी निम्मी जिंदगी गेली. मला प्रत्येक गोष्टीचा क्रम लागतो. तुझाही क्रम मी ठरवला आणि तुझ्या सुनेला, सुरेखाला, दोन-तीनदा समजावून सांगितला. आधी मेंदू घेणाऱ्या संस्थेला फोन. मग त्यांची गाडी, दवाखाना, परत घरी. मग अंघोळ, मग माहेरची साडी, मग स्मशान. आपल्याकडे बाई गेली की शेवटची साडी माहेरची असते. आई-बाबा नाहीत, भाऊ नाही. तुझं माहेर म्हणजे मी. म्हणून ती साडी मी आधीच घेऊन ठेवली, निळी, बारीक काठाची. तुला दाखवली तर तू खांद्यावर टाकून आरशासमोर उभी राहिलीस.

"चांगली दिसंन मी हिच्यात. पन आता घेतलीसच तर मरावं लागंल गं मला. नायतर वाया जायाची."

"तोवर नेस की."

"नको. कोरीच ठेव."

गेल्या पावसाळ्यापासून तू मला फोनवर 'बाय' म्हणायला लागलीस. "काय गं बाय, जेवलीस का?" जन्मभर 'वंदे' म्हणून हाक मारणारी तू. मला वाटलं, म्हातारपणी माया दाटली. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. लॉनवर दिवसभर सगळे मला मॅडम म्हणतात. घरी येऊन कुणीतरी 'बाय' म्हटलेलं बरं वाटायचं.

मग तो महेशचा सकाळचा फोन. "मावशे, आई गेली गं. च्या पीत व्हती." कप हातातच होता म्हणे. मी संस्थेला फोन केला. तिथल्या माणसानं सगळं नीट विचारून घेतलं आणि गाडी निघते म्हणाला. कपाटातून साडी काढली, गाडी काढली. कर्जत मागे टाकून खोपोलीत उतरले, शिळफाट्यावर हार घ्यायला थांबले. फुलवाल्यानं विचारलं, "कुनाला, ताई?" मी म्हणाले, बहिणीला. हे बोलताना रडू येणार, तेवढ्यात संस्थेच्या ड्रायव्हरचा फोन आला, खालापूरला आत कुठून वळायचं म्हणून. मी त्याला रस्ता सांगितला. रडणं तिथेच राहिलं.

तुझ्या घरी पोचले तेव्हा तुला पडवीत ठेवलं होतं. मी चेहऱ्याच्या आधी तुझे केस पाहिले. धुतलेले होते. तेल लावून, विंचरून, अंबाडा घातलेला. अंगावर स्वच्छ पातळ होतं, कानाशी तुळस. अंघोळ होऊन गेली होती. अंगणात बांबू कापून ठेवलेले होते आणि महेश सुतळी सोडवत बसला होता. दवाखान्यात जाऊन यायचंय अशी तयारी कुठेही नव्हती.

"सुरेखा, अंघोळ कोणी घातली? ती परत आणल्यावर घालायची होती ना?"

सुरेखानं माझ्याकडे बघितलं नाही. "मावशी, आत या जरा."

स्वयंपाकघरात ती ओट्याला टेकून उभी राहिली. ही तुझी सून मला इतक्या वर्षांत कधी नाही म्हणाली नव्हती. मी सांगायचं आणि तिनं 'हां मावशी' म्हणायचं, असं आमचं चालायचं.

"गाडी खालापूरच्या जवळ आली आहे," मी म्हणाले.

"तेच. गाडी नको."

"म्हणजे?"

"आईंनी नको सांगितलं हाय."

"कधी?"

"झालं की. गनपतीच्या आदी."

"मला काही बोलली नाही."

"तुमाला सांगायचं नाय, असंच बोलल्या व्हत्या."

मी आवाज चढवला. म्हणाले, म्हातारी माणसं ऐनवेळी घाबरतात, म्हणून तर आधी ठरवून ठेवायचं. तिनं लोकांसमोर शब्द दिलाय. मी तिची बहीण आहे. सुरेखा ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "व्हय, तुमी बहीन. आनि मी सून. मला शेवटी जे सांगितलं ते मी करनार."

महेश दारात येऊन उभा राहिला. "मावशे, मी सही करनार नाय. तू वरड, मला मार, काय बी कर."

"कारण सांग मला. देवाधर्माचं आहे? डोक्याला हात लावू नये असं वाटलं तिला?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "नको म्हनाली, एवढंच," महेश म्हणाला.

मागच्या दारी चांगुणाबाई बसली होती. तिला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "मला सांगितलंन तिनं. म्हनाली, तुझं नाव काडू नको हां, माझं माझ्यापुरतं हाय."

तिला सांगितलंस, आक्का. मला नाही.

ड्रायव्हर खालापूरच्या वळणावर उभा होता. त्याला मीच फोन करून परत जायला सांगितलं. मग संस्थेतल्या त्या माणसाला. तो जराही चिडला नाही. "काही हरकत नाही, ताई. असं होतं," म्हणाला. मला त्याच्या चांगुलपणाचा राग आला. त्याच्या 'असं होतं'मध्ये घाबरलेल्या म्हाताऱ्या होत्या, हट्टी मुलं होती, ऐनवेळी अडून बसलेले भाऊबंद होते. माझी बहीण त्यांच्यातली नाही असं मला त्याला सांगायचं होतं. पण तू कशामुळे नको म्हणालीस हेच मला माहीत नव्हतं, त्यामुळे फोन ठेवून दिला.

बाहेरून कुणा म्हातारीनं हाक दिली, "माहेरचं कोन हाय? साडी आना."

माहेरचं मीच होते. निळी साडी मीच तुझ्यावर घातली. रागात होते तरी निऱ्या सारख्या केल्या, काठ सरळ आणला, ती सवय जात नाही. पदर डोक्यावरून घेताना माझा हात तुझ्या कपाळाला लागला. आत जे होतं ते आतच राहिलं. दुपारपर्यंत सगळं संपलं.

आक्का, तुझी गुपितं ठेवायचं काम पूर्वी माझं होतं. तुझं लग्न झालं तेव्हा मी पाठराखीण म्हणून तुझ्याबरोबर तुझ्या सासरी आले होते. नव्या नवरीला पहिले काही दिवस माहेरचं कुणी जवळ असावं म्हणून धाकटीला पाठवतात. मी इतकी धाकटी की माझीच काळजी घ्यावी लागत होती. तुझ्या सासूनं दुसऱ्याच दिवशी तुला म्हशीच्या धारेला बसवलं. आपल्याकडे म्हैस कधी नव्हती. तू भीतीनं पांढरी पडलीस. मी म्हशीच्या तोंडाशी जाऊन तिला पेंढा भरवत उभी राहिले, तिचं डोकं माझ्याकडे वळलेलं राहावं म्हणून, आणि तू मागे बसून कशीबशी धार काढलीस. रोज. कुणाला कळलं नाही. घरी परतताना तू माझा हात धरून सांगितलंस, "आयेला म्हशीचं सांगू नको. तिला वाटंल मी सुखात नाय." मी आजवर कुणाला सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे, कारण आता तुझ्या शब्दाला मी बांधलेली नाही असं मला वाटतं. की आहे? मला ठरवता येत नाही.

तेराव्याचं जेवण उठल्यावर सुरेखा मागच्या पडवीत पातेली पालथी घालत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, आता सांग. मी ओरडणार नाही.

"वरडा की. मला सवय हाय."

मग तिनं सांगितलं. तू विसरायला लागली होतीस. कुकर लावून झाल्यावर पुन्हा तांदूळ धुवायला घ्यायचीस. गोठ्यात आता कुणी गुरं नाहीत, तरी संध्याकाळी दार लावायला जायचीस. महेशच्या मुलीला सुरेखाच्या नावानं हाक मारायचीस. घरातल्यांनी ते म्हातारपणावर ढकललं.

"मंग एक दिस मला इचारलं," सुरेखा म्हणाली, "ती शेलूची गं. ती लिस्टवाली. तिचं नाव काय? मी म्हनलं, वंदना मावशी. लय हसल्या. म्हनाल्या, बघ, माझ्याच बहिनीचं नाव. मंग हसू थांबलं आनि तशाच बसून राहिल्या."

त्यानंतर तू मला 'बाय' म्हणायला लागलीस. नाव चुकलं तर मी ओळखेन म्हणून.

"डॉक्टरला दाखवलं नाही?"

"डॉक्टर पयला फोन तुमालाच करतील म्हनाल्या." सुरेखानं शेवटचं पातेलं ठेवलं. "मला बोलल्या, माझं डोकं उघडलं तर त्यात आयेचंच निघंल. ती शेलूची रिपोट मागवल्याबिगर राहायची नाय. मंग रोज सकाळी उठून सवताला तपाशीत बसंल. तिला लेकरूबाळ नाय, तिला बघंल कोन? ती त्या भ्यानंच आदी मरंल. तिला नको कळाया."

तर असं होतं. तुला पुढच्या जन्माची भीती नव्हती, टाक्यांची नव्हती, लोक काय म्हणतील याची नव्हती. बचत गटातल्या बायकांच्या सगळ्या शंकांना तू उत्तरं दिली होतीस. तुझी शंका मी होते.

रिपोर्ट मी मागवला असता का? हो. पहिल्याच दिवशी. तुझा अंदाज बरोबर आहे, माझ्याबद्दलचे तुझे अंदाज कधी चुकले नाहीत. पण तो वाचून मी काय करायचं हे माझं मला ठरवायचं होतं. आणि एक गोष्ट तुला माहीत नव्हती, कारण तू कधी विचारलं नाहीस. मी स्वतःला रोज सकाळी तपासतेच. आईच्या आजारपणापासून. दात घासताना सगळ्यांची नावं मनात म्हणते. आई, बाबा, आक्का, महेश, सुरेखा, लॉनवरची माणसं. लोक मला लिस्टवाली म्हणून हसतात. ही माझी सगळ्यात जुनी यादी, आणि ती कुठे लिहिलेली नाही. तू जे मला चुकवायला निघालीस ते कधीच माझ्या घरात येऊन बसलं आहे. तुझ्या नकारानं फक्त एवढंच झालं की त्याच्यासोबत मी एकटी राहिले.

आता ते जुनं भांडण. आईशी तू खोटं बोललीस तेव्हा आईला पुढचं-मागचं कळत नव्हतं. मला कळत होतं, आक्का. मी आजारी नव्हते. तरी तू माझ्याशी तसंच वागलीस. "बाय, जेवलीस का?" म्हणजे "आये, पातळ लाव" हेच ना? घरातल्या सगळ्यांना घेऊन तू माझ्याभोवती एक गोड खोटं उभं केलंस आणि त्यात मला आनंदानं राहू दिलंस. महिनोन्महिने मी फोनवर तुला संस्थेचा नवा नंबर सांगत होते, गाडी कुठून येईल ते सांगत होते, आणि तू 'हां बाय, हां बाय' म्हणत होतीस. मला ते आठवलं की कानशिलं तापतात.

यामागे माया होती, मला कळतं. माया होती म्हणून फसवणूक कमी होत नाही. उलट, तुला माझी इतकी काळजी होती तर तू मला बोलावून घ्यायला हवं होतंस. मी आले असते. लॉनचा सीझन सोडून आले असते. तुला नाव आठवलं नसतं तर दिवसातून दहा वेळा सांगितलं असतं, आणि कदाचित, आईच्या वेळी जमलं नाही ते तुझ्या वेळी शिकले असते. गोठ्यात गुरं नसताना तुझ्याबरोबर दार लावायला गेले असते. पाठराखीण म्हणून पुन्हा एकदा तुझ्या घरी राहिले असते. तुला पुन्हा भीती वाटत होती आणि या वेळी म्हशीच्या तोंडाशी तू मला उभं केलं नाहीस. हे मला तुला माफ करता येत नाही. पुढे कधी येईल, न येईल.

निघताना चांगुणाबाई अंगणात भेटली. "माझं नाव हाय तसंच ठेव हां," म्हणाली. मी म्हटलं, ठेवते.

माझंही आहे तसंच आहे. फक्त माझ्या कागदावर एक अडचण झाली. मी गेल्यावर कळवायचं कुणाला, सही कुणी करायची, तिथे तुझं नाव होतं. तू माझ्याआधी जाशील हा विचार मी केला होता. जाऊनही तिथे राहशील असं का वाटलं कोण जाणे. लॉनवरच्या माणसांचा विचार केला, बिल्डिंगमधल्यांचा केला. ऐनवेळी कुणी रडेल, कुणी नातेवाईक येऊन दम देईल, कुणी म्हणेल बाईचं डोकं फिरलं होतं. मला असं माणूस हवं होतं, जे मेलेल्याचा शब्द धरून जिवंत माणसाच्या तोंडावर उभं राहील, तो कितीही ओरडला तरी.

असं एक माणूस मी नुकतंच पाहिलं होतं.

गाडीत बसायच्या आधी मी पर्समधून तो कागद काढून सुरेखापुढे धरला. तिनं हात पदराला पुसले, सगळं वाचलं. तिला वाचायला वेळ लागला आणि मी मधे बोलले नाही.

"करते," ती म्हणाली. "पन एक हाय, मावशी. उद्या तुमचं मन बदललं तर मला सांगायचं. मंग ह्या कागदावर काय लिवलंय ते मी बघनार नाय."

"सांगेन."

"आदी मलाच."

"तुलाच. पण तू ते कुणाला सांगितलंस तर?"

"मी?" ती पहिल्यांदाच हसली. "तुमच्या बहिनीला इचारा."

तिनं सही केली. वरती तुझं नाव होतं, ते खोडायला हवं होतं. मी नेहमी नीट गिरवून खोडते, खालचं काही दिसू नये असं. तुझं नाव एकाच रेघेत खोडलं. अजून वाचता येतं.